विश्लेषण : कप्तानाला ‘थांबा’ म्हणणारा अधिकारी! अंतराळ मालिकांतील ‘नंबर वन’ कसा घडला?

तेरखेडा (जि. धाराशिव) : सोलापूर-धुळे महामार्गावर, वाशी तालुक्यात वसलेले तेरखेडा हे फटाक्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. मात्र दारूकामाचा पहिला धडा उडवण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. एका खोलीत किती जणांनी बसायचे, किती दारू जवळ ठेवायची, कोणते अवजार वापरायचे नाही, याचे नियम ठरलेले असतात. तरीही स्फोटांच्या बातम्या वेळोवेळी येतात. दिवाळीची मागणी तोंडावर असते, मालकाला घाई असते. अशा वेळी ‘आज नको’ म्हणण्याची मुभा मुकादमाला आहे का, यावर आत बसलेल्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो.

हाच प्रश्न अंतराळावरील दूरचित्रवाणी मालिका गेली साठ वर्षे विचारत आल्या आहेत. तेथे मालकाच्या जागी असतो यानाचा कप्तान आणि मुकादमाच्या जागी असतो ‘पहिला अधिकारी’. हुकूम पाळायचा, पण चुकीच्या हुकमाला अडवायचे, अशी ही दुहेरी नोकरी. हे पात्र कसे जन्मले, कसे बदलले आणि खऱ्या विमानांशी त्याचा काय संबंध आहे, याविषयी.

पहिला अधिकारी म्हणजे नेमका कोण?

जहाजावर कप्तानाच्या खालोखाल ज्याचा हुकूम चालतो, तो पहिला अधिकारी. कप्तान जखमी झाला, बेपत्ता झाला किंवा झोपला असला, तर जहाज त्याच्या हाती येते. ब्रिटिश नौदलात ‘फर्स्ट लेफ्टनंट’ला ‘नंबर वन’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. भारतीय नौदलाच्या युद्धनौकांवर हे काम ‘एक्झिक्युटिव्ह ऑफिसर’ करतो, त्याला ‘एक्सओ’ म्हणतात. प्रवासी विमानात कप्तानाच्या शेजारी बसणारा सहवैमानिकही अधिकृतपणे ‘फर्स्ट ऑफिसर’च असतो.

मराठी इतिहासाला हे पद अनोळखी नाही. मराठेशाहीत मोठ्या अधिकाऱ्याचा ‘मुतालिक’ असे. धन्याच्या गैरहजेरीत त्याच्या वतीने कारभार पाहायचा, त्याचा शिक्का चालवायचा, पण गादी आपली नाही हे विसरायचे नाही, हे त्याचे काम. अंतराळ मालिकांतील पहिला अधिकारी बऱ्याच अंशी असाच मुतालिक आहे. फरक इतकाच, की त्याने धन्याला वेळेवर ‘नाही’ म्हणावे, अशीही अपेक्षा असते.

सुरुवात एका स्त्रीपासून झाली, हे खरे का?

होय. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते, नंतर पॅन अॅम या विमान कंपनीत नोकरीला होते आणि पुढे लॉस एंजेलिस पोलीस दलात. १९४७ मध्ये सीरियात कोसळलेल्या पॅन अॅमच्या विमानात ते स्वतः होते आणि प्रवाशांना बाहेर काढण्यात त्यांनी मदत केली होती. कॉकपिटमधील अधिकाराची उतरंड त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

१९६४ च्या अखेरीस त्यांनी ‘द केज’ हा पहिला नमुना भाग चित्रित केला. त्यात एंटरप्राइझ यानाचा कप्तान होता ख्रिस्तोफर पाइक आणि त्याची पहिली अधिकारी होती एक स्त्री. तिला नावही नव्हते. सगळे तिला ‘नंबर वन’ म्हणत. ही भूमिका मॅजेल बॅरेट यांनी केली. ती शांत, थंड डोक्याची, भावना चेहऱ्यावर न आणणारी होती. स्पॉक याच भागात होता, पण तो मोकळेपणाने हसत होता आणि प्रसंगी ओरडतही होता.

कथेत कप्तान परग्रहवासीयांच्या कैदेत सापडतो. त्याला सोडवायला निघालेली ‘नंबर वन’ही पकडली जाते. तेव्हा ती आपल्या हातातील शस्त्राचाच स्फोट घडवण्याची तयारी करते. गुलामीपेक्षा सगळ्यांचा मृत्यू पत्करण्याचा हा निर्णय पाहून कैद करणाऱ्यांना कळते, की ही जात पिंजऱ्यात टिकणार नाही. म्हणजे पहिल्याच कथेत निर्णायक पाऊल कप्तानाचे नव्हे, त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याचे होते.

मग ‘नंबर वन’ गायब का झाली?

एनबीसी वाहिनीने हा भाग नाकारला, मात्र दुसरा नमुना भाग करण्याची संधी दिली. त्यात ‘नंबर वन’ नव्हती. यानाच्या अधिकारपदावर स्त्री बसलेली वाहिनीला आणि प्रेक्षकांना चालली नाही, असे रॉडनबेरी पुढे अनेक वर्षे सांगत राहिले. निर्मिती संस्थेचे तत्कालीन अधिकारी हर्ब सोलो यांनी १९९६ मधील पुस्तकात वेगळी बाजू मांडली. वाहिनीचा आक्षेप स्त्री अधिकाऱ्याला नव्हता, तर रॉडनबेरी यांच्या प्रेयसीलाच ती भूमिका देण्याला होता, असे त्यांचे म्हणणे. बॅरेट आणि रॉडनबेरी यांचा विवाह १९६९ मध्ये झाला.

कारण कोणतेही असो, परिणाम एकच झाला. बॅरेट मालिकेत परतल्या त्या परिचारिका चॅपेल म्हणून. ‘नंबर वन’चे पद आणि तिचा थंडपणा, दोन्ही स्पॉकच्या वाट्याला आले. आज जगभर ओळखला जाणारा भावनाशून्य स्पॉक हा काढून टाकलेल्या एका स्त्री पात्राचा वारसदार आहे.

स्पॉकने या पदाला काय दिले?

८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. तीन वर्षांत ७९ भाग प्रसारित झाले. भारतात १९८० च्या दशकात दूरदर्शनने ती दाखवली आणि टोकदार कानांचा स्पॉक मराठी घरांतही पोहोचला.

लिओनार्ड निमॉय यांनी साकारलेला स्पॉक निम्मा व्हल्कन आणि निम्मा मानव आहे. तो विज्ञान अधिकारी आहे आणि पहिला अधिकारीही. कप्तान कर्क मनाचे ऐकतो, डॉक्टर मॅकॉय भावनेचे बोलतो आणि स्पॉक हिशेब मांडतो. कर्कचा निर्णय अनेकदा या दोघांच्या भांडणातून घडतो. आवाज न चढवता विरोध कसा करावा, याचा नमुना येथे घालून दिला गेला.

मात्र लेखकांनी स्पॉकला सर्वज्ञ ठरवले नाही. जानेवारी १९६७ मधील ‘द गॅलिलिओ सेव्हन’ या भागात सात जणांचे छोटे यान एका ग्रहावर कोसळते आणि नेतृत्व स्पॉककडे येते. त्याचा प्रत्येक हिशेब बरोबर असतो, तरीही माणसे मरतात, उरलेले चिडतात. कसेबसे यान वर येते, पण इंधन थोडेच उरलेले असते आणि एंटरप्राइझ दूर निघालेले असते. तेव्हा स्पॉक उरलेले सगळे इंधन बाहेर सोडून पेटवतो. आकाशात शोभेची दारू उडावी तसा तो झोत दिसतो आणि कर्कचे यान मागे फिरते. तर्काने वागणाऱ्या अधिकाऱ्याला वाचवले ते एका जुगाराने. दुय्यम अधिकारी हुशार असणे पुरेसे नाही, माणसे सोबत न्यावी लागतात, हा धडा मालिकेने पहिल्याच वर्षी दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमधील ‘द डूम्सडे मशीन’मध्ये उलटा प्रसंग येतो. आपले सगळे सहकारी गमावलेला डेकर हा वरिष्ठ अधिकारी एंटरप्राइझचा ताबा घेतो आणि सूडापोटी यान मृत्यूच्या तोंडी नेतो. स्पॉक नियमानुसार ताबा देतो, नियमानुसार निषेध नोंदवतो आणि कर्कचा आदेश मिळताच डेकरला पदावरून दूर करतो. बंड न करता वेड्या हुकमाला थांबवता येते, पण त्यासाठी नियमावली पाठ हवी आणि पाठीशी कोणीतरी हवे.

मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांचा येथे काय संबंध?

पहिल्या अधिकाऱ्याच्या वाटचालीतील एक महत्त्वाचे वळण थेट मुंबईशी जोडलेले आहे. १९७७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची नवी मालिका ‘फेज टू’ या नावाने आखली गेली. त्यात विल डेकर हा तरुण पहिला अधिकारी होता आणि इलिया ही परग्रहावरून आलेली, इतरांच्या भावना जाणू शकणारी दिशादर्शक अधिकारी. मालिका पडद्यावर आलीच नाही. तिच्याऐवजी डिसेंबर १९७९ मध्ये ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ हा चित्रपट आला. इलियाची भूमिका मिळाली मुंबईत जन्मलेल्या, १९६५ च्या मिस इंडिया पर्सिस खंबाटा यांना. या भूमिकेसाठी त्यांनी केस पूर्ण काढून टाकले होते.

चित्रपटात डेकर कप्तान असतो. कर्क परत येतो, यान आपल्याकडे घेतो आणि डेकरला दुय्यम पदावर बसवतो. पुढे एका संकटात कर्क एक शस्त्र डागण्याचा हुकूम देतो. डेकर तो जागच्या जागी रद्द करून दुसरे शस्त्र वापरायला लावतो आणि यान वाचते. कर्क त्याला खोलीत बोलावून जाब विचारतो, तेव्हा डेकर सांगतो की यानाची रचना बदलली आहे. कर्कने सांगितलेले शस्त्र त्या क्षणी चाललेच नसते. नव्या यंत्राची माहिती हाताखालच्याला आहे आणि अधिकार वरच्याकडे आहे, हा पेच आजच्या कोणत्याही कार्यालयात ओळखीचा वाटावा असा आहे.

डेकर आणि इलिया ही जोडी वाया गेली नाही. १९८७ च्या नव्या मालिकेत तीच थोड्या फरकाने विल रायकर आणि डिॲना ट्रॉय म्हणून अवतरली. खंबाटा यांचे १८ ऑगस्ट १९९८ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या इलियाची सावली मात्र ट्रॉयच्या रूपाने सात वर्षे पडद्यावर राहिली.

रायकरमुळे पदाची व्याख्या कशी बदलली?

२८ सप्टेंबर १९८७ रोजी ‘द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली. कप्तान पिकार्ड वयाने मोठे, विचारी. त्यांचा ‘नंबर वन’ विल रायकर तरुण, धडाडीचा. ही भूमिका जोनाथन फ्रेक्स यांनी केली. जुन्या मालिकेत कप्तानच दर वेळी धोक्याच्या ग्रहावर उतरत असे. आता नियम बदलला. कप्तानाने यानावर थांबायचे आणि मोहीम पहिल्या अधिकाऱ्याने न्यायची. कप्तान जायला निघाला, तर त्याला अडवणे हेच रायकरचे काम. आपल्या आधीच्या कप्तानालाही त्याने असेच अडवले होते आणि पिकार्ड पहिल्याच भेटीत त्याबद्दल त्याची उलटतपासणी घेतात. रायकर माघार घेत नाही, म्हणूनच तो त्यांना हवा असतो.

जून १९९० मधील ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्‌स’ने हे पात्र मोठे केले. रायकरला स्वतःचे यान मिळत असते आणि तो ते नाकारत असतो. दुसऱ्या क्रमांकावर राहणे ही भीती की निष्ठा, असा प्रश्न त्याला एक महत्त्वाकांक्षी कनिष्ठ अधिकारी विचारते. त्यानंतर पिकार्ड शत्रूच्या ताब्यात जातात, शत्रूच त्यांच्या तोंडून बोलू लागतो आणि ज्या यानावर आपला कप्तान आहे, त्याच यानावर मारा करण्याचा हुकूम रायकरला द्यावा लागतो. भाग तिथेच थांबला. प्रेक्षकांना सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली.

रायकर कधी चुकला का?

चुकला, आणि मालिकेची ताकद तिथेच आहे. डिसेंबर १९९२ मधील ‘चेन ऑफ कमांड’मध्ये पिकार्ड यांच्या जागी जेलिको हा नवा कप्तान येतो. तो कामाच्या तीन पाळ्यांच्या चार करायला सांगतो. रायकर हरकती सांगत बसतो, हुकूम अमलात आणत नाही. वाद वाढतो आणि जेलिको त्याला पदावरून हटवतो. शेवटी एका जोखमीच्या उड्डाणासाठी जेलिकोला रायकरचीच गरज पडते. कोणाचे बरोबर, यावर चाहते आजही भांडतात. नवा साहेब आला की जुन्या उपसाहेबाचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

जानेवारी १९९४ मधील ‘द पेगॅसस’मध्ये त्याच्या तरुणपणाची चूक समोर येते. सहकारी कप्तानाविरुद्ध उठले तेव्हा नवखा रायकर कप्तानाच्या बाजूने शस्त्र घेऊन उभा राहिला होता. कप्तान बेकायदा प्रयोग करत होता, हे त्याला नंतर उमगले. कप्तानाला अडवणारा रायकर जन्मजात तसा नव्हता. एकदा आंधळेपणाने हुकूम पाळल्याची बोच त्याच्यामागे होती.

विरोधकच उपप्रमुख झाला तर?

१९९० च्या दशकात लेखकांनी पुढचे पाऊल टाकले. पहिला अधिकारी आता कप्तानाच्या दलातलाच असण्याची गरज उरली नाही.

‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) ही मालिका अंतराळ स्थानकावर घडते. तिथली पहिली अधिकारी किरा नरीस ही परकी सत्ता उलथवण्यासाठी लढलेली माजी बंडखोर आहे. तिची निष्ठा आधी आपल्या ग्रहाशी, मग स्थानकाच्या प्रमुखाशी. नॅना व्हिजिटर यांनी ही चिडकी, श्रद्धाळू आणि प्रामाणिक अधिकारी उभी केली.

‘व्हॉयेजर’मध्ये (१९९५ ते २००१) कप्तान कॅथरिन जेनवे आणि फुटीर गटाचा नेता चकोटे घरापासून ७० हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जातात. परतीचा प्रवास ७५ वर्षांचा. दोन्ही गटांना एकाच यानात राहायचे असल्याने जेनवे चकोटेला पहिला अधिकारी करतात. म्हणजे हे पद आता तडजोडीचा करार झाले. १९९७ मधील ‘स्कॉर्पियन’ कथेत जेनवे एका क्रूर शत्रूशी तात्पुरती युती करतात, चकोटेला ती मान्य नसते. त्या जखमी झाल्यावर तो युती मोडतो. शुद्धीवर आल्यावर दोघांना कळते, की वाद कोण बरोबर हा नव्हता. आपसात फूट पडली हेच खरे संकट होते.

‘एंटरप्राइझ’मधील (२००१ ते २००५) टपॉल तर सुरुवातीला मानवांवर लक्ष ठेवायला आलेली व्हल्कन अधिकारी आहे. हळूहळू ती आपल्या वरिष्ठांऐवजी याच यानाची बाजू निवडते. उपप्रमुखाचा विश्वास हुकमाने मिळत नाही, तो कमवावा लागतो, हे या तिघांचे समान सूत्र.

‘स्टार ट्रेक’बाहेर चित्र कसे आहे?

सर्वांत कडू चित्र ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या आवृत्तीत दिसते. तेथील एक्सओ सॉल टाय हा दारूच्या आहारी गेलेला, कप्तानाचा जुना मित्र. डिसेंबर २००३ मधील पहिल्या कथेत हल्ल्यानंतर यानात आग भडकते. टाय जळता भाग बंद करून तिथली हवा बाहेर सोडण्याचा हुकूम देतो. आत अडकलेले ८५ जण मरतात आणि यान वाचते. आणखी थोडा वेळ मागणाऱ्या तंत्रज्ञांच्या प्रमुखाला तो तोंडावर नकार देतो. पुढे कप्तान जखमी असताना हाच टाय लष्करी कायदा लावतो आणि त्याच्या सैनिकांच्या गोळीबारात नागरिक मरतात. संकटात लागणारा कठोरपणा रोजच्या कारभारात घातक ठरतो, हे एकाच माणसात दाखवले गेले.

आपल्याकडे १९९८ मध्ये दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. मिलिंद सोमण यांचा नायक शालेय मुलांमध्ये लोकप्रिय झाला. मालिकेच्या नावातच कप्तान होता. नायकाभोवती फिरणाऱ्या आपल्या कथांना ‘नंबर टू’चे आकर्षण तसे कमीच.

बंड केले तर काय होते?

‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ने २०१७ मध्ये हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. मायकेल बर्नहॅम ही स्पॉकच्या घरात वाढलेली पहिली अधिकारी. समोर शत्रूचे यान येते. आधी आपणच मारा करावा, असे ती सांगते. कप्तान जॉर्जिओ नकार देतात. बर्नहॅम कप्तानाला बेशुद्ध करते आणि स्वतःच हुकूम देऊ लागते. बंड फसते. युद्ध पेटते, कप्तान मरतात, बर्नहॅमला जन्मठेप होते.

स्पॉक आणि डेकर यांनी जी रेषा सांभाळली, ती बर्नहॅमने ओलांडली. सल्ला देणे, निषेध नोंदवणे, नियमाचा आधार घेऊन ताबा घेणे वेगळे आणि आपलेच खरे मानून वरिष्ठाला खाली पाडणे वेगळे. तिला पुन्हा विश्वास मिळवायला तीन हंगाम लागले. जानेवारी २०२१ मध्ये ती कप्तान झाली.

आणि ती पहिली ‘नंबर वन’?

ती परतली. ५ मे २०२२ रोजी ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स’ सुरू झाली. कप्तान पाइक, तरुण स्पॉक आणि पहिल्या अधिकारीपदी तीच ‘नंबर वन’. भूमिका रिबेका रोमेन यांची. आता तिला पूर्ण नाव आहे, ऊना चिन-रायली. नमुना भाग नाकारला गेला १९६५ मध्ये, तिच्या पदाला स्वतःची मालिका मिळाली तब्बल ५७ वर्षांनी.

जून २०२३ मधील न्यायालयीन भागात तिच्यावर खटला चालतो. जनुकीय बदल केलेल्या समाजात जन्मल्याचे तिने लपवलेले असते आणि त्या समाजाला दलात बंदी असते. पात्रतेत काहीच कमी नसताना जन्मामुळे नाकारली गेलेली अधिकारी, ही कथा या पात्राच्या पडद्याबाहेरील इतिहासालाही लागू पडते.

या सगळ्याचा खऱ्या जगाशी काय संबंध?

फार जवळचा. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवर धडकून ५८३ जण ठार झाले. समोरचे विमान बाजूला झाले का, अशी शंका कॉकपिटमधील कनिष्ठाने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलँडजवळ चाकांच्या बिघाडाशी झुंजणाऱ्या विमानाचे इंधन संपले आणि दहा जण गेले. इंधन घटत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, पण कप्तानापर्यंत ते ठामपणे पोहोचले नाही.

यानंतर १९७९ मध्ये नासाने बैठक बोलावली आणि त्यातून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण उभे राहिले. कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे आणि वरिष्ठाने ऐकायचे, हा त्याचा गाभा. आज ते जगभरातील वैमानिकांना सक्तीने शिकवले जाते.

तरीही प्रश्न संपलेला नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान दरीत कोसळून १५८ जण दगावले. उतरणे सोडून पुन्हा वर चला, म्हणजे ‘गो-अराउंड’, असे फर्स्ट ऑफिसरने एकदा नव्हे तर तीनदा सांगितल्याचे चौकशीत आढळले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला विमान धावपट्टीपुढे घसरले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. तेथेही सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटले होते, पण विमान उतरवले गेले. सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही, हेही चौकशी अहवालाने कारणांत नोंदवले.

म्हणजे अहवाल दोन गोष्टी सांगतो. वरच्याने ऐकायला हवे. आणि ऐकले नाही, तर खालच्याने पुढचे पाऊल टाकायला हवे. स्पॉकने १९६७ मध्ये डेकरला हटवले, तो हाच क्षण. पडद्यावर त्याला कप्तान कर्कची साथ होती. कॉकपिटमध्ये ती काही सेकंदांत, एकट्याने, स्वतःकडूनच मिळवावी लागते.

पुढे काय?

आता हे पद केवळ कथेत उरलेले नाही. २५ जून २०२५ रोजी निघालेल्या ‘अॅक्सिऑम-४’ मोहिमेत भारताचे शुभांशू शुक्ला यानाचे पायलट होते. कमांडर होत्या पेगी व्हिटसन. म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेला पहिला भारतीय हा त्या यानावरचा ‘नंबर टू’ होता. गगनयानाच्या भारतीय चमूतही कोणीतरी प्रमुख असेल आणि कोणीतरी त्याच्या शेजारी बसेल. यंत्रांच्या चाचण्या होतात, तशीच त्या दोघांमधल्या बोलण्याचीही तयारी करावी लागते.

मात्र त्यासाठी अंतराळात जाण्याची गरज नाही. दारूकामाच्या खोलीत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी किंवा विहिरीच्या सुरुंगाच्या कामावर, एक हुकूम देणारा आणि एक शेजारी उभा असलेला असतोच. साठ वर्षांत स्पॉक, रायकर, किरा आणि ऊना यांनी दाखवले ते एवढेच, की शेजारच्या माणसाने ‘थांबा’ म्हणणे हा अपमान नसतो. ते त्याचे काम असते. ते ऐकून थांबणे, हे कप्तानाचे.